लस घेतली आहे, मग थोडा विषाणू लागला तर चांगलंच का?

‘लस घेऊन झाली आहे, आता थोडाफार विषाणू नाकातोंडात गेला तर उलट बरंच, शरीराला सराव राहतो.’ करोनाच्या काळात हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं. गोवर-कांजिण्यांची साथ आली की आजही येतं. कल्पना जुनीच आहे. रोज चिमूटभर विष पाजून विषकन्या तयार करतात, तालमीत रोज जोर काढले की दंड भरतात. प्रतिकारशक्तीचंही तसंच असणार, असा हिशेब.

थोडक्यात उत्तर असं: संपर्काने लस घेतलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती वाढू शकते. पण ज्या वेळी ती खरोखर वाढते, त्या वेळी तो ‘थोडासा संपर्क’ राहिलेला नसतो. शरीरात विषाणूची वाढ झालेली असते, मग लक्षणं दिसोत वा न दिसोत. आत किती विषाणू गेले याला शरीर फारशी किंमत देत नाही. ते किती वाढले, कुठे वाढले आणि किती वेळ समोर राहिले, याला देतं.

वजनकाट्यावर विषाणू

करोनाच्या एका विषाणूचं वजन साधारण एक फेम्टोग्रॅम धरतात. शंभर कोटी विषाणू गोळा केले तेव्हा कुठे एक मायक्रोग्रॅम भरतो. आता कोव्हॅक्सिनचा एक डोस पाहा. त्यात मारलेल्या विषाणूचा ६ मायक्रोग्रॅम माल असतो. ढोबळ हिशेबाने सहाशे कोटी विषाणूंइतका. समजा, कोंदट खोलीत आजारी माणसाशेजारी बसून एखाद्याच्या नाकात हजार विषाणू गेले. लशीच्या एका डोसाच्या तुलनेत हा साठ लाखावा भाग झाला.

शिवाय या लशीत ॲल्युमिनियमच्या क्षारासारखं सहायक द्रव्य मिसळलेलं असतं. टोचलेल्या जागी ते थोडा दाह निर्माण करतं आणि प्रतिकारपेशींना तिकडे बोलावून घेतं. दंडाला येणारी सूज आणि ठणका हा त्या बोलावण्याचाच भाग. नाकातल्या हजार विषाणूंसाठी अशी दवंडी कोणी पिटत नाही. त्यातले बहुतेक शेंबडात अडकतात, श्वासनलिकेतल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीने घशाकडे ढकलले जातात, गिळले जातात आणि पोटातल्या आम्लात संपतात. अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींची आणि बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या टी पेशींची तयारी होते ती लसिका ग्रंथींत, म्हणजे मानेत-काखेत हाताला लागणाऱ्या गाठींत. तिथपर्यंत या हजारांची खबरही जात नाही.

मग एवढ्याशा विषाणूने माणूस आजारी पडतोच कसा? वाढून. संसर्ग ऐन भरात असताना एका रुग्णाच्या शरीरात एका वेळी १०० कोटी ते १०,००० कोटी विषाणू असतात असा अंदाज आहे. वजनात १ ते १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे लशीच्या डोसाच्या तोलाचं, कधीकधी त्याहून बरंच जास्त. प्रतिकारशक्तीला जो ‘बूस्टर’ मिळतो तो या उभ्या पिकाचा. पेरलेल्या दाण्यांचा नव्हे. आणि पीक यायचं तर विषाणू रुजावा लागतो. रुजला, की त्यालाच संसर्ग म्हणतात.

मुद्दाम नाकात थेंब टाकले तेव्हा

संपर्काचा डोस नेमका मोजता येतो तो एकाच ठिकाणी: जिथे स्वयंसेवकांना जाणूनबुजून विषाणू दिला जातो. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये ३६ निरोगी तरुणांच्या नाकात करोनाचा अगदी छोटा, मोजलेला डोस टाकला गेला. त्यांना तोवर ना लस मिळाली होती ना करोना झाला होता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या अर्ध्या नमुन्यांना बाधा करू शकेल एवढा विषाणू म्हणजे एक एकक. अशी १० एककं दिली. हिशेबात धरलेल्या ३४ जणांपैकी १८ जणांना संसर्ग झाला. त्यांच्या घशात दोनेक दिवसांत विषाणू सापडू लागला आणि पाचव्या दिवसाच्या आसपास त्याने कळस गाठला. उरलेल्या १६ जणांना तोच थेंब, तेवढाच थेंब मिळाला होता, पण तो रुजला नाही. रक्तात नव्या अँटीबॉडी उमटल्या त्या संसर्ग झालेल्यांच्या.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्डमधला, आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचा. ज्यांना करोना होऊन गेला होता आणि ज्यांतल्या अनेकांनी पुढे लसही घेतली, अशा ३६ जणांना तोच मूळ वाणाचा विषाणू दिला. १० एककांपासून सुरुवात करून डोस १ लाख एककांपर्यंत, म्हणजे दहा हजारपट वाढवत नेला. टिकून राहणारा संसर्ग एकालाही झाला नाही. पाच जणांत विषाणू जेमतेम दिसला आणि विझला. गंमत पुढे आहे: यातल्याच काहींना नंतर बाहेर, रोजच्या व्यवहारात ओमायक्रॉन झाला. प्रयोगशाळेतला प्रचंड डोस ज्यांनी परतवला, त्यांना बाहेरचा लहानसा डोस पुरला, कारण बाहेरच्या विषाणूने रूप बदललं होतं. विषाणू रुजणार की नाही हे ठरवताना डोसापेक्षा, तुमच्याकडच्या अँटीबॉडी समोरच्या वाणाशी किती जुळतात, याचं वजन जास्त पडतं.

अर्ध्यावर विझलेला संसर्ग

संसर्ग ‘झाला’ आणि ‘नाही झाला’ यांच्या मधेही एक जागा आहे, आणि या विषयातला खरा रस तिथेच आहे.

लंडनच्या रुग्णालयांतल्या काही कर्मचाऱ्यांची पहिल्या लाटेत दर आठवड्याला तपासणी होत होती. त्यांची पीसीआर चाचणी कधीच पॉझिटिव्ह आली नाही, अँटीबॉडीही तयार झाल्या नाहीत. तरी काहींच्या रक्तात अशा टी पेशींची संख्या वाढलेली आढळली, ज्या विषाणूच्या प्रती काढणाऱ्या यंत्रणेतली प्रथिनं ओळखतात. ही प्रथिनं विषाणूच्या बाहेरच्या काट्यांवर नसतात. तो पेशीत शिरून कामाला लागला की ती तयार होतात, तीही अगदी सुरुवातीला. म्हणजे विषाणू आत शिरला होता, कामही सुरू केलं होतं, आणि पेरणी उगवण्याआधीच पाखरांनी दाणे टिपावेत तसा तो संपवला गेला. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासातून एवढं नक्की दिसतं की, चाचणीत न सापडणारा संपर्कही खूण सोडू शकतो.

पण ही खूण म्हणजे लस घेतलेल्याला मिळालेला भरभक्कम बूस्टर असं समजण्यात दोन अडचणी आहेत. एक तर हे लोक लस येण्यापूर्वीचे होते. आणि दुसरं, लस घेतलेल्यांत विषाणू आणखी लवकर आवरला जातो, त्यामुळे खूण उलट पुसट होते. मॉडर्ना कंपनीच्या करोना लशीच्या मोठ्या चाचणीत हे स्वच्छ दिसलं. त्या लशीत विषाणूचं फक्त काटा-प्रथिन असतं. त्यामुळे रक्तात गाभ्यातल्या, म्हणजे न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी दिसल्या तर त्या संसर्गातूनच आलेल्या. पक्का करोना झालेल्यांपैकी, लस न घेतलेल्या गटात ९३ टक्क्यांमध्ये त्या तयार झाल्या. लस घेतलेल्या गटात फक्त ४० टक्क्यांमध्ये. चाचणीत सिद्ध झालेल्या आजाराची ही कथा. मग नुसत्या ‘शेजारी बसलो होतो’ एवढ्या संपर्कातून किती मिळणार, याचा अंदाज यावा.

इथे एक पेच आहे. ज्याने नुकतीच लस घेतली आहे त्याच्याकडे अँटीबॉडी भरपूर. विषाणू दिसताच त्या त्याला गुंडाळून टाकतात. बी पेशींना नवं काही पाहायलाच मिळत नाही, म्हणून वाढही नाही. लस घेऊन वर्ष उलटलं आहे, पातळी उतरली आहे, अशा माणसाला संपर्कातून जास्त वाढ मिळते. पण नेमका तोच माणूस आजारी पडण्याचीही शक्यता जास्त. फायदा आणि धोका एकाच दारातून येतात. एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवता येत नाही.

हाच पेच आपल्या लसीकरणाच्या कार्डावरही आहे, फक्त कोणी तसा वाचत नाही. गोवर-रुबेलाची लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी का नाही? कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडी तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि लशीतल्या कमजोर केलेल्या जिवंत विषाणूला वाढू देत नाहीत. लस वाया जाते. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली. नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडू लागली, तेव्हा अशा भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस देण्याचा निर्णय झाला. पण तो डोस हिशेबात धरायचा नाही. नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांमधला असे नेहमीचे दोन्ही डोस पुन्हा द्यायचेच. साथीच्या गडबडीत ‘एक डोस झालाय ना’ म्हणून पुढचा राहून जातो. ही चूक टाळायची.

आजोबांची नागीण आणि नातवाच्या कांजिण्या

संपर्काने प्रतिकारशक्ती वाढते याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो कांजिण्यांचा.

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू जात नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत झोपून राहतो आणि उतारवयात, टी पेशींचा पहारा सैल झाला की, एकाच पट्ट्यात पुरळ आणि आग घेऊन बाहेर येतो. तीच नागीण. इंग्लंडमधल्या सायरन्सेस्टर गावचे डॉक्टर होप-सिम्पसन यांनी १९६५ मध्ये मांडलं की मोठ्या माणसांना अधूनमधून कांजिण्या झालेल्या मुलांचा सहवास मिळतो, त्याने पहारा जागा राहतो आणि नागीण लांबते.

ही कल्पना अर्धशतकाहून अधिक काळ वादात होती, आणि वाद कागदावरचा नव्हता. मुलांना कांजिण्यांची लस दिली तर समाजातला विषाणू कमी होईल, मग मोठ्यांना ‘फुकटचे बूस्टर’ मिळणार नाहीत, नागीण वाढेल, ही भीती ब्रिटनने ही लस सरसकट द्यायला लावलेल्या उशिराचं एक मोठं कारण होती. अमेरिकेने १९९५ मध्ये लस सुरू केली. इंग्लंडने जानेवारी २०२६ मध्ये.

त्याआधी ब्रिटनमध्येच ९,६०४ प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सगळ्यांना कधी ना कधी नागीण झालेली, आणि सगळ्यांच्या घरात कधी ना कधी एखाद्या मुलाला कांजिण्या आलेल्या. प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच केली: संपर्काआधीचा काळ आणि नंतरचा. संपर्कानंतरच्या दोन वर्षांत नागिणीचा धोका ३३ टक्क्यांनी कमी होता, आणि दहा ते वीस वर्षांनंतरही २७ टक्क्यांनी कमी. म्हणजे होप-सिम्पसन यांचं बरोबर होतं.

पण किती बरोबर, तेही पाहा. हा फायदा एका घरात, एका छपराखाली, आजारी मुलाची शुश्रूषा करताना मिळणाऱ्या संपर्काचा आहे. तो ‘थोडासा’ अजिबात नाही. बसमध्ये शेजारी कोणी खोकलं, त्याचा हा आकडा नाही. लशींशी तुलना केली की चित्र आणखी स्पष्ट होतं. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी अंदाजापुरतं ठीक. नागिणीची जुनी लस, झोस्टाव्हॅक्स, म्हणजे मुलांच्या कांजिण्यांच्या लशीतलाच कमजोर विषाणू. मुलाच्या डोसात असे किमान १,३५० विषाणू-एककं असतात. म्हाताऱ्या माणसाचा पहारा जागवायला किमान १९,४०० एककं घालावी लागली, चौदापट. एवढं करून साठीच्या पुढच्यांत नागीण ५१ टक्क्यांनी कमी झाली. नवी लस, शिंग्रिक्स, हिच्यात जिवंत विषाणूच नाही. एका प्रथिनाचे ५० मायक्रोग्रॅम आणि एक जोरकस सहायक द्रव्य, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. चाचणीत पन्नाशीच्या पुढच्यांत ९७ टक्के संरक्षण. भारतात ही लस २०२३ पासून मिळते. महाग आहे आणि पहिले एकदोन दिवस दंड चांगलाच दुखतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

म्हणून ‘नातवाला कांजिण्या आल्यात, आजोबांना जवळ बसू दे, नागीण टळेल’ हा सौदा तोट्याचा आहे. आजोबांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या आहेत, हे बहुतेक वेळा ऐकीवच असतं. झाल्या नसतील तर म्हातारपणीच्या कांजिण्या फुप्फुसावर जाऊ शकतात. लस घेतलेल्या मुलाला क्वचित येणाऱ्या कांजिण्या सौम्य असतात, बहुधा ५० च्या आत फोड. लस न घेतलेल्याला २५० ते ५०० येतात. पण सौम्य म्हणजे न पसरणाऱ्या, असं नव्हे. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवा हवं तर. गर्भवती आणि केमोथेरपी चालू असलेल्यांना त्या खोलीपासून लांब ठेवणं जास्त महत्त्वाचं. आणि लस घेतलेल्या मुलांना पुढे नागिणीचं काय? अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत त्यांच्यातलं नागिणीचं प्रमाण लस न घेतलेल्या मुलांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी आढळलं.

सगळे लसवंत, आणि सांडपाण्यात पोलिओ

लस घेतलेल्या अख्ख्या लोकसंख्येला खऱ्या विषाणूचा हलका, सततचा संपर्क होत राहिला तर काय होतं? हा प्रयोग कोणी ठरवून करणार नाही, पण इस्रायलमध्ये २०१३ साली तो आपोआप घडला. तिथे २००५ पासून पोलिओची फक्त टोचायची लस देत होते. दक्षिणेकडच्या राहात शहराच्या सांडपाण्यात जंगली पोलिओ विषाणू सापडला. तो महिनोन्महिने फिरत राहिला. लुळेपणाचा एकही रुग्ण आढळला नाही. विषाणू मुलांच्या आतड्यात वाढत होता, विष्ठेतून बाहेर पडत होता, दुसऱ्या मुलाच्या तोंडात जात होता. टोचलेल्या लशीने रक्तात अँटीबॉडी दिल्या होत्या, मज्जासंस्था सुरक्षित होती. आतडं मात्र जवळपास उघडं होतं.

‘चला, सगळ्यांना फुकट बूस्टर मिळतोय’ असं तिथल्या आरोग्य खात्याने म्हटलं नाही. ऑगस्टपासून लाखो मुलांना तोंडावाटे द्यायचे थेंब पाजले. थेंबांतही जिवंत विषाणूच असतो, त्यामुळे एका अर्थाने हाही संपर्कच. फरक इतकाच की विषाणू कमजोर केलेला, मात्रा मोजलेली, तारीख ठरलेली, आणि लस न घेतलेल्यांपर्यंत जंगली विषाणू पोचण्याआधी हे उरकायचं होतं.

भारतात गोष्ट उलट्या बाजूने घडली. आपल्या मुलांना थेंब भरपूर मिळाले होते, आतड्याची ओळख पक्की होती, पण ती काळाबरोबर पुसट होत होती. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये अशा मुलांना टोचायच्या लशीचा एक डोस दिला आणि चार आठवड्यांनी थेंब पाजून पाहिलं की विष्ठेतून विषाणू किती जणांच्या बाहेर पडतो. वय आणि विषाणूच्या प्रकारानुसार हे प्रमाण ३९ ते ७६ टक्क्यांनी घटलं. दंडावरच्या सुईने आतडं सुधारलं! कारण आतड्याने विषाणू आधी पाहिलेला होता. सुईने फक्त जुनी आठवण चाळवली. तीच सुई, आतड्याने विषाणू कधीच न पाहिलेल्या मुलाला दिली तर आतड्यावर एवढा परिणाम होत नाही. आधी कुठे ओळख झाली आणि मग कुठून आठवण दिली, हा क्रम महत्त्वाचा. हावडा इथे १३ जानेवारी २०११ रोजी आजारी पडलेली मुलगी भारतातली जंगली पोलिओची शेवटची रुग्ण ठरली. टोचायची लस २०१५ पासून नेहमीच्या कार्यक्रमात आली. मुंबईत सांडपाण्याची तपासणी २००१ पासून चालू आहे. लस घेतलेल्यांतला मूक संसर्ग दवाखान्यात कधीच दिसत नाही, तो तिथेच सापडतो.

मार्ग बदलला की रोग बदलतो, हे आपल्या पूर्वजांनाही माहीत होतं. लस येण्यापूर्वी देवीच्या खपल्या कातडीत टोचायची पद्धत भारतात होती. श्वासातून आलेल्या देवीने दहातले तीन दगावत. कातडीतून दिलेल्या देवीने शंभरातले एकदोन. मात्र टोचून घेतलेल्याकडून शेजाऱ्याला जायची ती मूळचीच, पूर्ण ताकदीची देवी. आजच्या ‘थोडा विषाणू लागू दे’लाही हाच जुना दोष आहे.

संपर्क नसेल तर लस विरते का?

फिनलंडमध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची लस १९८२ पासून दोन डोसांत दिली गेली आणि हे आजार देशातून गेले. बाहेरच्या विषाणूने आठवण करून देण्याची सोय उरली नाही. वीस वर्षांनी त्याच मुलांचं रक्त तपासलं: गोवराच्या अँटीबॉडी ९५ टक्क्यांमध्ये शिल्लक, गालगुंडाच्या ७४ टक्क्यांमध्ये. पातळी खाली आली होती, पण गोवरापुरती तरी संपर्काविना आठवण टिकते. गालगुंडाची कमी टिकते, आणि त्यावर उपाय गालगुंड घडवून आणणं हा नसून जादा डोस हा आहे.

आठवण टिकली तरी ती वेळेत कामाला येते का, हे आजाराच्या वेगावर ठरतं. झोपलेल्या बी पेशी जाग्या होऊन अँटीबॉडीचा पूर आणायला साधारण चार ते सात दिवस घेतात. हिपॅटायटिस बी उगवायला सरासरी तीन महिने लागतात. त्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडी दहा एककांच्या खाली गेल्या तरी, मूळ लसीकरणाला चांगला प्रतिसाद मिळालेला निरोगी माणूस सुरक्षित राहतो. पेशींना तयारीला भरपूर अवधी असतो. ओमायक्रॉन किंवा फ्लू दोन-तीन दिवसांत उगवतो. तिथे आठवण जागी होईपर्यंत ताप आलेला असतो. आठवण गंभीर आजार टाळते, सर्दी-ताप टाळू शकत नाही.

टाळेबंदीनंतर लहान मुलांत सर्दी-खोकल्याच्या आजारांची लाट आली, त्यावरून ‘संपर्काविना प्रतिकारशक्ती गंजली’ असं बोललं गेलं. ती गंजली नव्हती. दोन-तीन वर्षांची मुलं एकदम, एकाच मोसमात पहिल्यांदा विषाणूला सामोरी गेली, म्हणून गर्दी झाली. न लावलेले दिवे आणि फ्यूज उडालेले दिवे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिथे सराव घातक ठरतो

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धच्या कमजोर, अर्धवट जुळणाऱ्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला अडवत नाहीत. उलट त्याला चिकटून, विषाणू ज्या पेशींत वाढतो त्याच पेशींत त्याला नेऊन सोडतात. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली गेली. २०१७ च्या अखेरीस कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नव्हता, अशा मुलांना लस घेतल्यानंतर खरा विषाणू लागला तर गंभीर आजाराचा धोका वाढतो. कार्यक्रम थांबला. लस आणि वर थोडा संपर्क म्हणजे हमखास ताकद, हे समीकरण इथे सरळ उलटं पडलं.

मिश्र प्रतिकारशक्ती, आणि तिची किंमत

लस आणि संसर्ग दोन्ही झालेल्यांची करोनाविरुद्धची प्रतिकारशक्ती जास्त टिकते, हे खरं आहे. २०२३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब: वर्षभरानंतर गंभीर आजारापासून संरक्षण, फक्त संसर्ग झालेल्यांत ७५ टक्क्यांच्या आसपास, दोन्ही झालेल्यांत ९७ टक्के. पुन्हा संसर्ग होण्यापासून मात्र अनुक्रमे २५ आणि ४२ टक्केच. हे आकडे पाहून ‘मग होऊनच जाऊ दे’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की यात मोजले गेलेत ते संसर्गातून उठून हिशेबाला हजर राहिलेले लोक. रुग्णालयात गेलेले आणि महिनोन्महिने दम लागत राहिलेले, हे त्या फायद्याचं बिल. लसीकरणाने ते बिल बरंच कमी होतं, शून्य होत नाही.

संपर्काने आपलं काही वाढलं का, हे तपासून पाहावं असं काहींना वाटतं. सुटी अँटीबॉडी चाचणी इथे निरुपयोगी आहे. वाढ दाखवायची तर दोन नमुने लागतात: एक संपर्कानंतर लगेच, दुसरा दोन ते चार आठवड्यांनी, दोन्ही एकाच प्रयोगशाळेत, एकाच वेळी लावलेले. चौपट फरक असेल तरच तो धरतात, कारण दुपटीचा फरक चाचणीच्या स्वतःच्या डळमळीतूनही येतो. कोव्हिशील्ड घेतलेल्यात गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी दिसल्या तर संसर्ग झालाय म्हणता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा मारलेला विषाणू असल्याने ती लस घेऊनही त्या उमटतात, तिथे ही खूण चालत नाही. आणि आकडा वाढला तरी तो पुढे किती दिवस राखेल, हे त्यावरून सांगता येत नाही. पैसे वाचवा.

संपर्क होऊनच गेला असेल तर

घरात रुग्ण निघाला, आणि बाकीच्यांनी लस घेतलेली आहे. खिडक्या उघड्या ठेवा, रुग्णाच्या खोलीत जाताना मास्क लावा, जेवण वेगळं. लस घेतली आहे म्हणून हे सोडायचं कारण नाही; आत जाणारा विषाणू कमी झाला की तो रुजण्याची शक्यताही घटते.

लस राहिली असेल किंवा अर्धवट असेल, तर काही आजारांत अजून वेळ असतो, आणि इथे तो सुरुवातीचा वजनकाटा कामाला येतो. आत गेलेला विषाणू मूठभर, त्याला पीक यायला दिवस लागणार. लशीचा डोस मोठा, तो गाठींपर्यंत आधी पोचतो. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. कांजिण्यांसाठी ही मुदत तीन ते पाच दिवस. या दोन्ही लशी जिवंत विषाणूच्या आहेत, त्यामुळे गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना चालत नाहीत. त्यांच्यासाठी तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन असतं, ते लगेच डॉक्टरांना विचारायचं. हिपॅटायटिस बीच्या दूषित सुईचा टोचा लागला तर लस शक्यतो २४ तासांच्या आत.

कुत्रा चावला असेल तर पूर्वी लस घेतली असली तरी थांबायचं नाही. रेबीजचा विषाणू जखमेतून थेट मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या आतून मेंदूकडे सरकतो. प्रतिकारपेशींना तो दिसतच नाही, मग त्याच्यामुळे आठवण जागी होण्याचा प्रश्नच येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पूर्वी कधीच लस न घेतलेल्याला कातडीत द्यायचे डोस (पहिल्या डोसाचा दिवस ० धरून) ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिलि, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत सीरम, म्हणजे तयार अँटीबॉडी. ज्याने आधी पूर्ण लस घेतली आहे त्याला फक्त दोन डोस, ० आणि ३ ऱ्या दिवशी, एकेका जागी ०.१ मिलि. सीरम लागत नाही.